सूर्य ‘तो’ आणि चंद्र ‘ती’? सगळ्या भाषांत नाही

‘जगातल्या सगळ्या भाषांत सूर्य पुल्लिंगी, चंद्र आणि नदी स्त्रीलिंगी. प्रखर, मोठं ते पुरुष आणि शीतल, नाजूक ते स्त्री, हे पूर्वजांनी निसर्गातच पाहिलं होतं,’ असा मराठी मजकूर खूप फिरतोय. त्यातलं जवळपास काहीच खरं नाही.

सगळ्या भाषांत? फारसी, तुर्की, फिनिश, बंगाली यांत नामांना व्याकरणिक लिंगच नाही.

सूर्य-चंद्राचं म्हणाल, तर फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये ते तसं आहे. जर्मनमध्ये नेमकं उलटं: सूर्य ती, चंद्र तो. अरबीतही शम्स म्हणजे सूर्य स्त्रीलिंगी, कमर म्हणजे चंद्र पुल्लिंगी. आणि वाळवंटातलं ऊन काही सौम्य नसतं. रशियनमध्ये सूर्य नपुंसकलिंगी, तर चंद्राला दोन शब्द, ‘लुना’ स्त्रीलिंगी आणि ‘म्येसित्स’ पुल्लिंगी. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणांत सूर्य ही सोल नावाची देवी आणि चंद्र तिचा भाऊ मानी. शब्दाचं लिंग आणि कल्पनेतलं रूप बरेचदा जोडीने जातात, एवढं मान्य. पण ती जोडी सगळीकडे सारखी नाही. मुळात मराठीतच चंद्र ‘तो’ आहे! मजकूर पुढे पाठवणाऱ्या इतक्या जणांच्या हे लक्षात येऊ नये, याचं खरंच वाईट वाटतं.

नदी नेहमी स्त्री? शोण आणि ब्रह्मपुत्र यांना आपल्या परंपरेत पुल्लिंगी ‘नद’ म्हणतात. जर्मनमध्ये ऱ्हाइन तो, डॅन्यूब ती.

‘मोठं ते पुरुष’ हा मुद्दा मात्र फसवा आहे, कारण डोंगर-टेकडी ही जोडी चटकन आठवते. गोटा-गोटीसारखं एकाच शब्दाचं लहान रूप स्त्रीलिंगी करायची रीत मराठीत आहेच. पण जरा पुढे जा. उडी मारून ओलांडता येतो तो ओढा, आणि पलीकडचा काठ दिसेनासा होईल इतकी पसरते ती नदी. चिमटीत मावतो तो खडा, चार माणसांना हलत नाही ती शिळा. झाड उभं चिरते ती वीज, छपरं उडवतं ते वादळ. नाजूकपणा कुठे आहे यात?

मग लिंग ठरतं कशावरून? बरेचदा शब्दाच्या शेवटावरून आणि इतिहासावरून. संस्कृतात अग्नी पुल्लिंगी, मराठीत अजून तसाच. त्याच शब्दातून झिजत आलेली ‘आग’ मात्र स्त्रीलिंगी. हिंदीने तर अग्नी हा शब्दसुद्धा स्त्रीलिंगी केला. तिथला जाळ काही वेगळा नव्हता. हिंदीत अशी इकारान्त नामं बहुधा स्त्रीलिंगी असतात, त्या ओघात तोही गेला.