चारशे फेऱ्या आणि आप्पा

फुकट मिळालेल्या तिकिटाला नाही म्हणण्याची सोय मराठी घरात नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आल्यापासून मी मोटारींच्या शर्यतीपासून मोठ्या शिताफीने लांब राहिले होते, आणि या गावात ते सोपं नाही. नॅसकार, म्हणजे या शर्यती भरवणारी संस्था; तिच्यात धावणारे बहुतेक संघ इथेच आसपास तळ ठोकून आहेत, भर गावात नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या यंत्राशी कोणीतरी कोणाच्या तरी टायरबद्दल हळहळत असतं. मी मान हलवते आणि कप घेऊन सटकते. पण २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या काकांकडे दोन तिकिटं जास्तीची निघाली. माझे सासरे नुकतेच भारतातून आले होते, आणि जेट लॅग उतरायच्या आत त्यांनी काकांच्या जुन्या ट्रकच्या बॉनेटात डोकं घातलं होतं. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं, पण कार्बोरेटर दोघांनाही कळत होता.

सासरे म्हणजे आप्पा. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त. माणूस निवृत्त झाला तरी कान अजून ड्युटीवर आहेत. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला की आतल्या खोलीतून आवाज येतो, "बेअरिंग चाललंय त्याचं." अशा माणसाला शर्यतीचं तिकीट दाखवल्यावर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवऱ्याला त्या रविवारी अचानक ऑफिसचं काम निघालं. सोमवारी मेमोरियल डेची, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाची, सुट्टी असताना रविवारी कसलं काम, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी नातवाला सांभाळते." नातू म्हणाला, "मी आजीला सांभाळतो." उरले मी.

ही शर्यत म्हणजे कोका-कोला ६००. नॅसकारच्या सगळ्या शर्यतींत सर्वांत लांबलचक. दीड मैलाची अंडाकृती वाट, तिच्यावर चारशे फेऱ्या, एकूण सहाशे मैल. वळण नेहमी डावीकडे. आप्पांनी गाडीत बसल्याबसल्या हिशेब केला.

"म्हणजे नऊशे पासष्ट किलोमीटर. ड्रायव्हर किती?"

"एकच, आप्पा."

"बदली?"

"नाही."

"मध्ये चहाला थांबतात की नाही?"

"नाही."

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "युनियन नसेल."

स्पीडवे शार्लटमध्ये नाही, शेजारच्या काँकॉर्डमध्ये आहे. जवळ गेल्यावर आधी दिसतात ते फ्लॅट. पहिल्या वळणाच्या डोक्यावर चक्क राहण्याचे फ्लॅट बांधलेत, १९८४ साली. तेव्हा लोक हसले होते म्हणे. आपल्याकडे 'लेक व्ह्यू', 'हिल व्ह्यू' म्हणून चौरस फुटाला जास्तीचे पैसे लावतात. इथे बाल्कनीतून चाळीस गाड्यांचा धूर दिसतो आणि तेही विकलं गेलं. आप्पांनी विचारलं, "मेंटेनन्स किती?" काकांना ठाऊक नव्हतं.

या लोकांची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. घरचं खाणं आत नेऊ देतात. चौदा इंच लांब, रुंद आणि उंच अशी मऊ पिशवी असली की झालं. सासूबाईंनी फूटपट्टी घेऊन पिशवी मोजली आणि त्या चौदा इंचांत तिळाचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं सरबत आणि "शेजाऱ्यांना लागेल" म्हणून अर्धा किलो चिवडा बसवला. एवढ्या जागेत एवढा माल फक्त भारतातून येणाऱ्या बॅगेत बसतो.

जागा अगदी खालच्या रांगेतली, जाळीजवळची. ही जागा चांगली की वाईट हे कळायला गाड्या सुटाव्या लागतात. हिरवा झेंडा पडला, चाळीस गाड्या समोरून गेल्या, आणि माझ्या छातीच्या पिंजऱ्यात कोणीतरी ड्रिलिंग मशीन सुरू केलं. कानात बोळे होते, तरी आवाज दातांतून आत येत होता. वळणावर रस्ता चोवीस अंशांनी तिरका आहे. गाड्या त्यावर कलंडून जातात आणि आपली मानही आपोआप कलंडते. पाच मिनिटांत मला जे काही समजायचं ते समजलं. गाड्या येतात. जातात. पुन्हा येतात. अजून तीनशे नव्वद वेळा येणार होत्या.

मी धपाटे काढले. थोड्या वेळाने पाहते तर पांढऱ्या तिळांच्या जोडीला काळे तीळही दिसायला लागलेले. हवेतून बारीक बारीक काहीतरी येऊन पडत होतं: दह्यात, सरबतात, केसांत. आप्पांनी एक कण बोटांत धरला, चुरडला, वास घेतला.

"रबर. मऊ आहे. फार दिवस टिकायचा नाही हा टायर."

आणि धपाटा झटकून खाल्ला.

खरं संकट याच्या पुढे होतं. काकांनी दोन स्कॅनर भाड्याने घेतले होते. स्कॅनर म्हणजे हेडफोन लावलेला छोटा रेडिओ. त्यावर ड्रायव्हर आणि त्याची टीम काय बोलतायत ते ऐकू येतं. एक काकांच्या कानाला, एक आप्पांच्या. मी मध्ये. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही, त्यामुळे डाव्या कानात काका दक्षिणी इंग्रजीत ओरडणार, उजव्या कानात आप्पा मराठीत, आणि दुभाषी मी. चारशे फेऱ्या.

"तिला विचार," आप्पा काकांकडे बोट दाखवून म्हणत. काकांना 'तिला' का, ते विचारू नका. आवाजच तेवढा होता, व्याकरण कोण बघतो.

स्कॅनरवर सगळ्यात जास्त बोलतो तो स्पॉटर. स्टँडच्या छपरावर उभा राहून तो खालच्या ड्रायव्हरला सांगत असतो: आत आहे, अजून आत आहे, दाराशी आहे, सुटला. ड्रायव्हरला हेल्मेट आणि पट्ट्यांमुळे मान वळवता येत नाही, म्हणून. आप्पांचा चेहरा उजळला. "अगं, हा कंडक्टर! मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे' करतो तो!" मी हे काकांना सांगितलं. काकांना एसटी काय ते समजावून सांगेपर्यंत पंधरा फेऱ्या गेल्या, त्याबद्दल मी त्या महामंडळाची आभारी आहे.

मग आप्पांनी गाडीची चौकशी काढली. काकांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं पोचवलं. दार उघडत नाही, खिडकीतून आत जायचं. हेडलाइट नाहीत, त्या जागी हेडलाइटची चित्रं चिकटवलेली आहेत. हॉर्न नाही. स्पीडोमीटरसुद्धा नाही, इंजिनाचे फेरे मोजून वेगाचा अंदाज घ्यायचा. आत उकाडा पन्नास अंशांपर्यंत जातो. आप्पा एकेक वाक्यागणिक मान हलवत होते.

"पासिंगला उभी तरी करतील का ही?"

पहिल्यांदा गाड्या पिटमध्ये, म्हणजे चाकं बदलायच्या आणि पेट्रोल भरायच्या थांब्यावर, आल्या तेव्हा आप्पा उठून उभे राहिले ते बसेचनात. भिंतीवरून पाच माणसं उडी मारतात. एकाने जॅक सरकवून एका दणक्यात गाडी उचलली, दोघांनी चाकं काढली, एक चाकं आणतोय, एक पेट्रोल ओततोय. उजवी बाजू, मग डावी. दहा सेकंदांत चार चाकं. आप्पांनी घड्याळ लावून दोनदा खात्री केली. २०२२ पासून चाकाला मधोमध एकच नट असतो, आधी पाच असायचे, हे काकांनी सांगितलं तेव्हा आप्पा जरा खट्टू झाले. "पाच नट असताना किती वेळ लागायचा ते विचार." उत्तर थोडंफार तसंच निघालं, तेव्हा समाधान झालं. पण हे पाचजण पूर्वी कॉलेजात फुटबॉल वगैरे खेळलेले गडी असतात, मेकॅनिक वेगळे, ते वर्कशॉपमध्ये, हे ऐकल्यावर ते खाली बसले.

"म्हणजे टीव्हीवर हे दिसणार आणि काम ते करणार."

अपघात वगैरे झाला की पिवळा झेंडा पडतो आणि सगळ्या गाड्या रांगेत हळूहळू फिरतात. प्रेक्षकांसाठी ती मधली सुट्टी, काकांसाठी इतिहासाचा तास. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही इथल्या डोंगरांत चोरून दारू गाळायचे. ती रात्री गावोगाव पोचवायची तर पोलिसांपेक्षा वेगवान गाडी हवी, मग साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं वाढवायची. पुढे याच लोकांत पैज लागायला लागली, आणि १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था निघाली. १९४९ च्या जूनमध्ये 'जशीच्या तशी, फेरफार न केलेली गाडी' या नियमाची पहिली शर्यत याच शार्लटमध्ये मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनअवे पहिला आला. तपासणीत निघालं की मागच्या स्प्रिंगांत फेरफार आहे. गाडी दारू वाहणारी होती. जिंकलेला बाद, दुसरा आलेला जिम रोपर विजयी.

मी हे भाषांतर पुरं करायच्या आत आप्पा म्हणाले, "कमानपाटे कडक केले असणार. मागे माल भरला तरी गाडी बसू नये म्हणून. नाहीतर पोलीस लांबूनच ओळखतो." काकांनी ते ऐकून आप्पांशी हस्तांदोलन केलं. त्या क्षणापासून मी दोघांच्या मधली अडगळ झाले.

दोनशे फेऱ्यांनंतर एक वेगळीच गोष्ट झाली. सगळ्या गाड्या पिटमध्ये आणून उभ्या केल्या आणि इंजिनं बंद केली. मेमोरियल डेचा शनिवार-रविवार, म्हणून प्रत्येक गाडीच्या काचेवर कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या एकेका सैनिकाचं नाव असतं. स्टँडमध्ये हजारो माणसं टोप्या काढून उभी. इतक्या गोंगाटानंतर ती शांतता कानाला टोचत होती. आप्पांनी हेडफोन काढून हातात धरला आणि सावधान उभे राहिले. मग गाड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि माझ्या ध्यानात आलं की निम्मंच झालंय.

उरलेल्या निम्म्यात बऱ्याच गोष्टी घडल्या असाव्यात. काइल लार्सन नावाचा ड्रायव्हर त्याच दिवशी इंडियानापोलिसला पाचशे मैलांची शर्यत धावायला गेला होता. तिथे गाडी आपटली, विमानाने इथे आला, इथेही आपटली. आप्पा म्हणाले, "डबल ड्युटीचं असंच होतं." पुढे होता विल्यम बायरन, अगदी शार्लटचाच मुलगा. तो आधी घरात कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम खेळून गाडी शिकला, हे मी कौतुकाने सांगितलं. आप्पांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "हे घरी बोलू नकोस. पोरगा आता अभ्यासाचं टेबल सोडायचा नाही." बायरनने चारशेपैकी २८३ फेऱ्या पुढे राहून काढल्या. मीही मनातल्या मनात त्याला विजयी करून घरी जाऊन झोपले होते.

तेवढ्यात काका उभे राहिले. रॉस चॅस्टेन वर आला होता. हा फ्लोरिडातल्या कलिंगडाच्या शेतकऱ्यांच्या घरातला. २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलला शेवटच्या फेरीत याने गाडी भिंतीला टेकवली, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाच नाही, आणि भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकल्या. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये असं करायचा म्हणे. पुढच्या वर्षापासून ते बंद केलं गेलं. काका हे हातवारे करून सांगत होते, आप्पांनी एकच विचारलं: "पत्र्याचं काम किती निघालं?"

आणि मग काकांनी सांगितलं ते ऐकून आप्पा परत उभे राहिले. आदल्या दिवशी सरावात चॅस्टेनचा टायर गेला, गाडी भिंतीवर आपटून भंगारात निघाली. मुलांनी रात्र जागून दुसरी गाडी उभी केली. नियमाप्रमाणे तिला सगळ्यात मागे, चाळिसाव्या जागेवरून सुटावं लागलं.

"एका रात्रीत?" आप्पा म्हणाले. "इंजिन बसवून? अलाइनमेंट करून?" ट्रॅककडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते गॅरेजच्या दिशेने बघत होते. मी त्यांचा खांदा धरून त्यांना समोर वळवलं, कारण सहा फेऱ्या उरल्या असताना चॅस्टेनने बायरनला मागे टाकलं, आणि मला कबूल करायला आवडत नाही, पण त्या वेळी मी खुर्चीवर उभी होते. चिवडा सांडला. शेवटून सुटलेली गाडी पहिली आली. या शर्यतीत असं आधी कधी झालं नव्हतं.

चॅस्टेन गाडीवर चढला, कोणीतरी त्याच्या हातात अख्खं कलिंगड दिलं, आणि त्याने ते वरून रस्त्यावर आपटलं. लाल चिंधड्या. लोक बेभान. चार तासांहून जास्त वेळ रबराचं सरबत प्यायलेली मी ते वाया गेलेलं कलिंगड बघत राहिले.

"फोडायचं तर फोडा," आप्पा म्हणाले, "पण रात्री गाडी बांधली त्या पोरांना एकेक फोड द्या आधी."

पार्किंगमधून बाहेर पडायला इतका वेळ लागला की आप्पांनी आणि काकांनी मागच्या सीटवर बसून उरलेला चिवडा संपवला. काका सांगत होते, येत्या ऑक्टोबरमध्ये इथेच आणखी एक शर्यत आहे, तीत गाड्या मैदानाच्या मधल्या रस्त्यावरही जाणार. तिथे उजवीकडेही वळावं लागणार.

"उजवीकडेही?" आप्पा पुढे झुकले. "सूनबाई, मग सस्पेन्शन दोन्ही बाजूंनी सारखं ठेवावं लागत असेल. ते बघायला पाहिजे."

आप्पांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे.