‘९० टक्के मेंदू नसलेला माणूस’ आणि गोष्टीतून गाळलेली नळी

फ्रान्समधल्या एका माणसाला म्हणे ९० टक्के मेंदूच नव्हता, तरी तो नोकरी करायचा, बायको आणि दोन मुलं होती. सोबत एमआरआयचा फोटो: कवटीत बहुतेक काळोखच. हा फॉरवर्ड तुमच्यापर्यंतही आला असेल. फोटो खरा आहे. घोळ आहे तो मजकुरात.

‘९० टक्के मेंदू नाही.’ २००७ साली मार्सेयच्या डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या ४४ वर्षांच्या सरकारी कर्मचाऱ्याची केस छापली. तीत हा आकडा नाही. फोटोतला काळा भाग म्हणजे पाणी. मेंदूच्या आतल्या कप्प्यांत ते रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. ही वाट अडली की कप्पे फुगतात, मेंदू कवटीकडे रेटला जातो. याच्या बाबतीत मेंदूचा पातळ थरच उरला होता, हे खरं. पण अशा दाबाचा मार आधी बसतो तो आतल्या पांढऱ्या तंतूंना. पेशींचा बाहेरचा करडा थर तुलनेने तग धरतो.

‘बुद्धी शाबूत.’ बुद्ध्यांक ७५ भरला. सरासरी १०० असते. तेवढ्यावर त्याने नोकरी आणि संसार नीट सांभाळला, याचं कौतुकच आहे. पण काहीच फरक पडला नाही, हे खोटं.

‘म्हणजे आपण मेंदू १० टक्केच वापरतो.’ जुनंच पालुपद! शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के, ऊर्जेच्या खर्चात मात्र सुमारे २०. एवढं खाणाऱ्याला शरीर बसवून पोसेल? पक्षाघातात मोक्याच्या जागेवरचा वाटाण्याएवढा भाग गेला तरी अर्धं अंग लुळं पडतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या गोष्टीवरून काही जण पुढचं तात्पर्य काढतात: ‘मग बाळाच्या डोक्यात पाणी झालं तर ऑपरेशनची घाई कशाला?’ अहो, हा माणूस सहा महिन्यांचा असतानाच त्याला शंट बसवला होता, म्हणजे जादा पाणी डोक्याबाहेर वाहून नेणारी बारीक नळी. १४व्या वर्षी तोल जायला लागला, डावा पाय दुबळा झाला; शंट दुरुस्त केल्यावर बरं वाटलं. ४४व्या वर्षी पुन्हा तोच पाय, म्हणून तो एमआरआय. पुन्हा शंट बसवला, पाय सुधारला. बुद्ध्यांक मात्र होता तिथेच राहिला. फॉरवर्डमध्ये यातलं अवाक्षर नाही.

तान्ह्याच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात. पाणी साचलं की डोकं भराभर वाढतं, टाळू ताणून फुगते, नजर खाली वळलेली राहते. रोज तेलाने टाळू भरणाऱ्या आजीच्या बोटांना हे सगळ्यांच्या आधी कळू शकतं. तिला शंका आली तर ‘तेवढं चालतं’ म्हणू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडून डोक्याचा घेर मोजून घ्या.