यान कुठे आहे आणि कुठे बघतंय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांकडे बघून यानाची दिशा ओळखणारा कॅमेरा, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप तीन. ‘यान ताऱ्यांवरून आपण कुठे आहोत ते ओळखतं’ हे माझं वाक्य चूक आहे. चांगला जायरोस्कोप (यान किती वळलं ते मोजणारं उपकरण) असताना स्टार ट्रॅकरचं एवढं कौतुक कशाला. आणि लेखातला ट्रॅकरचा फोटो अंधुक आहे.

पहिला मान्य. ‘कुठे आहोत’ नव्हे, ‘कुठे तोंड करून आहोत’ असं हवं होतं. मंगळापर्यंत गेलं तरी तारे जागचे हलल्यासारखे दिसत नाहीत, म्हणूनच ते दिशेसाठी भरवशाचे. (प्लूटोपलीकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाला एप्रिल २०२० मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी हा आपल्या जवळचा तारा सरकलेला दिसला खरा, पण सुमारे ७ अब्ज किलोमीटर लांब गेल्यावर!) वाक्य दुरुस्त केलंय.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. जायरो फक्त ‘किती वळलो’ ते सांगतो. कुठून वळायला लागलो हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याची बारीकशी चूक तासागणिक साचत जाते. मार्च २०१६ मध्ये जपानच्या हितोमी या अंतराळ दुर्बिणीचं काय झालं बघा. यान स्थिर होतं, पण जायरोच्या हिशेबाने ते तासाला सुमारे २१.७ अंश फिरत होतं. स्टार ट्रॅकरची दुरुस्ती त्या वेळी हिशेबात धरलीच गेली नाही. न फिरणाऱ्या यानाला थांबवायला त्याची दिशा वळवणारी आतली चाकं फिरली आणि यान खरोखरच फिरू लागलं. ते सावरायला थ्रस्टर (यान वळवणारी छोटी रॉकेटं) चालवले, तर त्यांना दिलेले आकडेच चुकीचे. गरगरून सौरपंख तुटले.

ट्रॅकरही पूर्वी भोळाच होता, हे मी लिहायला हवं होतं. मंगळाकडे गेलेलं मरिनर ४ यान (१९६४) सूर्याबरोबर एकट्या अगस्त्य ताऱ्यावर नजर ठेवून असायचं. यानावरचा धुळीचा कण उन्हात चमकत समोरून गेला की ट्रॅकर त्यालाच तारा समजायचा आणि अगस्त्य हातचा सुटायचा. आताचे ट्रॅकर एकदम बऱ्याच ताऱ्यांची आपसातली अंतरं मोजून यानात साठवलेल्या ताऱ्यांच्या यादीशी ताडून बघतात, त्यामुळे एखाददुसऱ्या कणाने फसत नाहीत.

राहिला फोटो. तो तसाच असतो! ट्रॅकरचं भिंग मुद्दाम जरासं फोकसबाहेर ठेवतात. पाण्याचा थेंब एकाच फरशीत मावला, तर ‘या फरशीवर पडला’ एवढंच सांगता येतं. तोच चार फरश्यांवर कमी-जास्त पसरला, की कुठे किती ओलं आहे त्यावरून नेमका मध्य काढता येतो. ताऱ्याचा उजेडही असाच काही पिक्सेलवर पसरू देतात, मग त्याची जागा पिक्सेलच्या छोट्याशा अंशापर्यंत मिळते. तेव्हा फोटो काही बदलत नाही.