पॉवर काइटविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला पॉवर काइट (माणसाला ओढू शकेल इतका जोर असलेला, हँडलला जोडलेल्या दोऱ्यांनी उडवायचा मोठा पतंग) वेगळी शिकावी लागत नाही, जोराच्या वाऱ्यात ती सोपी जाते आणि हात भरून आले तर दोऱ्या कमरेला बांधाव्यात, असा मजकूर सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. यातील एकही गोष्ट खरी नाही.

साध्या पतंगाला ढील देता येते. पॉवर काइटच्या दोऱ्या ठरावीक लांबीच्या असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, त्यामुळे ताशी 12 किलोमीटरच्या वाऱ्यात आटोक्यात असलेली काइट 24 किलोमीटरला माणसाला फरफटत नेऊ शकते. नवशिक्याने 2 ते 3 चौरस मीटरची काइट घेऊन मंद, स्थिर वाऱ्यातच सुरुवात करावी. कमरेची गाठ तर सर्वांत घातक: चार दोऱ्यांच्या काइटमध्ये मनगटी सुरक्षा पट्टे लावलेले असतील, तर हँडल सोडताच ब्रेकच्या दोऱ्या ताणल्या जाऊन काइटची ओढ जाते व ती खाली येते, आणि गाठ नेमकी हीच सुटका बंद करते.

गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर हा प्रयोग अर्थातच नको. विजेच्या तारा व रस्ता यांपासून दूरचे मोकळे माळरान निवडावे आणि वळिवाचे ढग दिसताच काइट उतरवावी.