‘तिला उपजतच कमी दुखतं’ : फिरत्या मजकुरातली चार विधानं आणि वस्तुस्थिती

व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारा मजकूर थोडक्यात असा: ‘माणूस ४५ डेल वेदना सोसू शकतो, बाई बाळंतपणात ५७ डेल सोसते, म्हणजे एकाच वेळी २० हाडं मोडावीत इतकं. इस्ट्रोजेनमुळे तिला उपजतच कमी दुखतं. पाळीचं दुखणं हा हॉर्मोनचा खेळ, त्याला गोळी नको. आणि वेदनाशामक म्हणाल तर सगळ्यांना सारखंच लागू पडतं.’

लोक हे कौतुकाने पुढे पाठवतात. पण त्यातून कानावर पडतं ते एवढंच, की तिला सवय आहे, सोसेल. दुखणं अंगावर काढायला याहून सोपं निमित्त नाही.

‘४५ डेल, ५७ डेल.’

डेल नावाचं एककच नाही. वेदना मोजायला ‘डोल’ नावाचं होतं. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी कपाळाला काळी शाई फासून त्यावर दिव्याची उष्णता तीन सेकंद पाडली आणि ती कमीजास्त करत वेदनेच्या पायऱ्या ठरवल्या. ही पट्टी साडेदहा डोलला संपते. त्यापुढे उष्णता वाढवली तरी वेदना वाढल्याचं कुणाला जाणवेना. १९४९ साली हीच पद्धत कळा देणाऱ्या स्त्रियांवर वापरली गेली. इतर प्रयोगशाळांत ही मापं जुळेनात, म्हणून एकक मागे पडलं. ५७ हा आकडा त्या पट्टीवर बसूच शकत नाही. मोडलेल्या हाडांच्या हिशेबाला तर कुठल्याच मोजमापाचा आधार नाही. बाळंतपणाच्या कळा भयंकर असू शकतात, हे सांगायला खोट्या आकड्याची गरजही नाही.

‘इस्ट्रोजेनमुळे कमी दुखतं.’

इस्ट्रोजेन हे स्त्रियांत जास्त असणारं हॉर्मोन. पण प्रयोगशाळेत दाब, उष्णता, थंडी देऊन पाहिलं तर उलट दिसतं: सरासरीने स्त्रियांचा वेदनेचा उंबरठा, म्हणजे दुखायला लागतं ती पातळी, थोडा खाली असतो, दाबाच्या चाचणीत हे सर्वांत सातत्याने दिसतं. (सरासरीने, हे महत्त्वाचं. समोरच्या एका व्यक्तीबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही.) मायग्रेन (अर्धशिशी) लहानपणी मुलगे आणि मुली दोघांतही जवळपास सारखा आढळतो, वयात आल्यावर मात्र स्त्रियांत दोन-तीन पट होतो.

मग इस्ट्रोजेन वेदना वाढवतं का? तेही अर्धंच खरं. गरोदरपणात इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी चढतं, आणि मायग्रेन असलेल्या बऱ्याच जणींना नेमका चौथ्या महिन्यापासून आराम पडतो. दुसरीकडे, स्तनाच्या कर्करोगात ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर आणलं, की अनेकींचे सांधे धरतात, सकाळी मूठ वळत नाही.

हा घोळ पातळी आणि उतार वेगळे केले की सुटू लागतो. १९७२ मध्ये संशोधक सॉमरव्हिल यांनी पाळीतला मायग्रेन असलेल्या स्त्रियांना पाळीच्या तोंडावर इस्ट्रॅडिओलचं (हे इस्ट्रोजेनच) इंजेक्शन दिलं: पाळी आली, डोकेदुखी लांबली. प्रोजेस्टेरॉन हे पाळीचं दुसरं हॉर्मोन दिल्यावर पाळी लांबली, डोकेदुखी मात्र ठरल्या वेळी आली. म्हणजे डोकं उठतं ते इस्ट्रोजेनच्या घसरणीने. म्हणून असा मायग्रेन ओळखायला तीन पाळ्यांची नोंद ठेवावी. रक्तस्राव सुरू होण्याआधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, या पट्ट्यात तीनपैकी किमान दोन वेळा डोकं दुखलं तर संबंध धरतात. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळावी. पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांना ही चमक न विचारता सांगावी.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषहॉर्मोनचं पारडं वेदना कमी करण्याकडे झुकतं. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात पुरुष म्हणून जगण्यासाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ज्यांना आधीपासून जुनाट दुखणं होतं, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना बराच आराम पडला. स्त्री होण्यासाठी इस्ट्रोजेन आणि पुरुषहॉर्मोनविरोधी औषधं घेणाऱ्या सुमारे एकतृतीयांश जणींना उपचारांदरम्यान जुनाट दुखणं जडलं.

‘पाळीच्या दुखण्याला गोळी नको.’

पाळीआधी प्रोजेस्टेरॉन उतरतं, गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन हे कळ आणणारं रसायन तयार होतं, स्नायू आवळतो, रक्तपुरवठा तुटपुंजा पडतो आणि कळ येते. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही वेदनाशामक गोळी नवं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं. बनून गेलेलं पुसत नाही. कळ असह्य झाल्यावर घेतलेली गोळी ‘लागत नाही’ ती यामुळे. प्रौढ व्यक्तीने आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, काही खाऊन, रक्तस्राव किंवा कळ सुरू होताच घ्यावं, मग दर ८ तासांनी, दोन-तीन दिवस. दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशीच सुरू करता येतं, पण गर्भ राहण्याची शक्यता असल्यास रक्तस्रावाची वाट पाहावी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, अशा गोळ्यांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर ही गोळी नको.

तीन पाळ्या असं करूनही शाळा किंवा काम बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) तपासणी हवी. त्यात विकार किती पसरलाय आणि दुखतं किती, यांचा मेळ बसेलच असं नाही. सोनोग्राफी साधी आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

‘वेदनाशामक सगळ्यांना सारखंच.’

अक्कलदाढ काढल्यावर नॅलब्युफिन हे मॉर्फिनवर्गातलं वेदनाशामक दिलं तेव्हा स्त्रियांना चांगला आराम पडला. पुरुषांमध्ये ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने काही वेळाने वेदना औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षाही वाढली. मॉर्फिन मात्र स्त्रियांना कमी लागू पडतं असं नाही, काही अभ्यासांत परिणाम सावकाश सुरू होऊन जास्त दिसला. हे सगळं उशिरा कळलं, कारण प्राण्यांवरचे प्रयोग बहुतेक नरांवरच होत: ‘पेन’ या नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या प्राणी-अभ्यासांत किमान ७९ टक्क्यांत फक्त नर होते.

बाण उलटाही फिरतो: वेदनेचं औषधही हॉर्मोन बदलतं. मॉर्फिनवर्गातली औषधं महिनोन्‌महिने चालू राहिली, की मेंदूकडून अंडकोषांना जाणारा संदेश दबतो आणि टेस्टोस्टेरॉन घसरतं. अशा पुरुषाला थकवा, कामेच्छेचा अभाव आणि वाढती वेदना जाणवत असेल, तर मात्रा वाढवण्याआधी सकाळी रिकाम्या पोटी टेस्टोस्टेरॉन तपासावं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.