अहवाल दिला म्हणून आयोग संपत नाही

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: "चौकशी आयोगाने अहवाल दिला की तो आपोआप बरखास्त होतो, कागद रद्दीत जातात, मग अर्ज करून काही उपयोग नाही." नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 ला 114 गोवारी बांधव चेंगराचेंगरीत गेले आणि त्याच्या चौकशीसाठी दाणी आयोग नेमला गेला. त्या मुलखात असला मजकूर लोकांना लगेच पटतो, म्हणूनच तो खोडून काढायला हवा.

"आपोआप बरखास्त होतो." चौकशी आयोग अधिनियम, 1952 चे कलम 7 वाचा. आयोगाची आता गरज नाही असे शासनाचे मत झाले, तर राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिच्यात दिलेल्या तारखेपासून आयोग संपतो. विधिमंडळाच्या ठरावाने नेमलेला असेल, तर बंद करण्यासाठीही ठरावच लागतो.

"कागद रद्दीत जातात." आयोगाचे दप्तर नेमणूक करणाऱ्या विभागाकडे जाते आणि शासकीय अभिलेख मनाला येईल तेव्हा नष्ट करता येत नाहीत. धोका आहे तो यादी नीट न होण्यात. शपथपत्रे, साक्षी, निशाणी क्रमांक (प्रत्येक पुराव्याला दिलेला क्रमांक) लावलेले पुरावे, नकाशे यांची सूची करून, पानांवर क्रमांक टाकून, दोन्हीकडच्या सह्यांनी ताबा द्यायचा असतो. घाईत नुसते गठ्ठे बांधून पाठवले की कागद असूनही सापडत नाही. खुर्च्या-कपाटांची जडसंग्रह नोंदवही, थकीत देयके, प्रतिनियुक्तीवरच्या कर्मचाऱ्यांची अंतिम वेतन प्रमाणपत्रेही याच वेळी निकाली काढायची असतात. त्यात दप्तराकडे दुर्लक्ष होते, आणि ते सगळ्यात महागात पडते. गावकऱ्यांनी दवाखान्याची मूळ चिठ्ठी किंवा जुना फेरफार दिला असेल, तर आयोगाचे कार्यालय चालू आहे तोवर अर्जात निशाणी क्रमांक लिहून तो परत मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

"अर्ज करून उपयोग नाही." आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात, एवढे खरे, सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये दालमिया प्रकरणात ते स्पष्ट केले. पण कलम 3(4) नुसार अहवाल मिळाल्यापासून 6 महिन्यांत तो, काय कारवाई केली याच्या ज्ञापनासह, सभागृहापुढे ठेवावा लागतो. आयोग विसर्जित झाल्याने शासनाची ही जबाबदारी सरत नाही.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज मंत्रालयातल्या संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. तीन गोष्टी मागा: कलम 7 ची अधिसूचना, दप्तर हस्तांतरणाची सूची, अहवाल सभागृहात ठेवल्याची तारीख. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो 5 दिवसांत पुढे पाठवायचा असतो. उत्तराला 30 दिवस. अहवाल सभागृहात आलेला नसेल, तर सभागृहाच्या विशेषाधिकाराचे कारण देऊन प्रत नाकारली जाऊ शकते. तारीख आणि सूची मागितली असेल तर तीच अडचण सांगणे अवघड जाते. मूळ कागद परत मागायचा अर्ज यात मिसळू नका, तो वेगळा साधा अर्ज द्या.