रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आईची कंबर खोटं बोलत नाही

‘एमआरआयमध्ये काही निघालं नाही की डॉक्टर मानसोपचाराची चिठ्ठी देतात. म्हणजे दुखणं मनाचं. एकदा त्या गोळ्या सुरू झाल्या की जन्माची सवय.’ हा मजकूर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपसारख्या ग्रुपवर फिरला, आणि माझ्या आईने कंबरदुखीसाठी सुरू असलेल्या समुपदेशनाची पुढची तारीख चुकवली. म्हणून लिहिते आहे.

एमआरआयमध्ये मणका दिसतो, वेदना दिसत नाही. काहीच दुखत नसलेल्या कित्येकांच्या रिपोर्टमध्येही चकती सरकलेली निघते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. साध्या वाकण्यानेही कळ येते. ती कळ खरीच असते. मेंदूकडून खाली येणारे संदेश मज्जारज्जूत वेदना वाढवू किंवा दाबू शकतात, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या संशोधकांनी 1965 मध्येच मांडलं. भीती, जागरण, काळजी यांचा दुखण्याशी संबंध येतो तो इथे.

आईचंच सांगते. बरं वाटलं की ती एका दिवसात सगळं घर आवरायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग भीतीपोटी टेकडीच्या गणपतीला जाणंही सोडलं. समुपदेशक ताईंनी तिला गल्लीत रोज दहाच मिनिटं चालायला लावलं. बरं वाटलं तरी दहा, दुखलं तरी दहा. दोन आठवड्यांनी बारा. याला कोणी नाटक म्हणावं?

याने दुखणं समूळ जातं, असं मी म्हणणार नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात जुनाट दुखण्यावरच्या मानसोपचाराचे 75 अभ्यास तपासले गेले. विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या विचार-वर्तन उपचाराचा (सीबीटी) फायदा लहानच दिसला, पण वेदना, हालचाल आणि मनस्ताप या तिन्हींत दिसला.

राहिल्या गोळ्या. समुपदेशक गोळ्या देतच नाहीत. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची गोळी डॉक्टर कमी मात्रेत नसांच्या दुखण्यासाठीही देतात. तिचं व्यसन लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करू नये. वर्षानुवर्षं मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या पेनकिलरने किडनी आणि पोट बिघडू शकतं, त्याबद्दल तो मेसेज गप्प आहे.

एक दोष मात्र मला मान्य आहे. आईला पहिली चिठ्ठी मिळाली ती एका शब्दाच्या खुलाशाविना. ‘मला पागलखान्यात पाठवतात का गं?’ असं तिने रिक्षात विचारलं. ‘इथले उपचार चालूच राहतील, हे त्याच्या जोडीला,’ एवढं डॉक्टर बोलले असते तरी पुरलं असतं.

नागपुरात मानसोपचार विभाग मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत आहे. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र आधी तातडीने हॉस्पिटल गाठा.